पळवलेले मूल आणि पहिला संशय

साहित्यावर बोलायला कुणी बसले की संतवाङ्मय, शाहिरी, कादंबरी, नवकाव्य अशी ठरलेली वाट असते. आज मी त्या वाटेने जाणार नाही. आज बोलायचे आहे रहस्यकथेविषयी, आणि त्यातही एका विशिष्ट तऱ्हेच्या रहस्यकथेविषयी. कुणाला तरी पळवून नेलेले असते. घरात रडारड, गावात खळबळ, पोलीस हात टेकून बसलेले. अशा वेळी, ज्याच्यावर स्वतःवरच पकडवॉरंट आहे असा एखादा बेडर गडी आपली चार माणसे बरोबर घेऊन निघतो आणि पळवलेल्याला सोडवून आणतो. ही गोष्ट आपण सगळ्यांनी कधी ना कधी वाचलेली आहे. काहींनी उघडपणे वाचली, काहींनी भूगोलाच्या पुस्तकात लपवून, एवढाच काय तो फरक!

आपल्या पालघर-बोईसरकडच्या मंडळींचा तर या कथांवर थोडा जास्तच हक्क आहे. शिरगावचा किल्ला तुम्हाला ठाऊक आहे. फिरंग्यांच्या ताब्यातला हा किल्ला १७३९ साली मराठ्यांनी वसईच्या मोहिमेत घेतला. अंधारे जिने, बुरूज, बाजूला समुद्राची गाज. रहस्यकथेच्या लेखकाला आणखी काय हवे असते? तिथून किनाऱ्याने दक्षिणेकडे निघा. माहीम, केळवे, दातिवरे करत आपण वैतरणेच्या मुखाशी येतो, आणि पलीकडे लागते अर्नाळा. या गावाचे नाव मराठी रहस्यकथेच्या मुखपृष्ठावर हजारो वेळा छापले गेले आहे. बाबूराव अर्नाळकर! त्यांचे खरे नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. १९०६ साली जन्मले, १९९६ साली गेले, आणि मधल्या काळात त्यांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. गिरणीतला कामगार, शाळेतला पोरगा आणि ओसरीवर चष्मा पुसत बसलेले आजोबा यांनी एकच पुस्तक पाळीपाळीने वाचावे, असा तो काळ होता.

अर्नाळकरांचा धनंजय हा गुप्तहेर. आपल्या छोटूला बरोबर घेऊन तो कायद्याच्या बाजूने लढतो. पण वाचकांच्या गळ्यातले ताईत झाले ते झुंजार आणि काळापहाड. झुंजार हा कायद्याच्या चौकटीत मावणारा माणूस नव्हे. तो दुर्जनांना लुटतो, गरिबांचा कैवार घेतो आणि पोलिसांना हुलकावण्या देतो. त्याची विजया आणि त्याचा नेताजी ही त्याच्या जिवाला जीव देणारी माणसे, म्हणजे एक लहानसे कुटुंबच. या कथांचे पुष्कळसे साचे इंग्रजीतून आलेले होते, हे जाणकारांनी पूर्वीच दाखवून दिले आहे. तरीही ते आपल्या मातीत रुजले, कारण इथली जमीन तयार होती. उमाजी नाईकांना इंग्रज सरकारने दरोडेखोर ठरवून १८३२ साली पुण्यात फाशी दिले. लोक मात्र त्यांना आजही राजे म्हणतात. सरकारी कागदावरचे नाव एक आणि लोकांच्या तोंडी असलेले नाव दुसरे, हा अनुभव आपल्याला जुना आहे.

आता शिक्षक मंडळी म्हणतील, "अहो, पण असल्या पुस्तकांनी पोरं बिघडतात. चोराला नायक केलंत, मग पोरांनी शिकायचं काय?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याला उत्तर दिलेच पाहिजे. माझे उत्तर असे, की चांगली रहस्यकथा पोराला चोरी शिकवीत नाही. ती त्याला संशय कसा घ्यावा आणि, त्याहून महत्त्वाचे, तो कसा आवरावा हे शिकवते. कसे ते एका प्रसिद्ध कथेवरून सांगतो.

शेरलॉक होम्स हे नाव मराठी वाचकांना नवीन नाही. भालबा केळकरांनी त्याच्या कथा मराठीत आणल्या आहेत. आर्थर कॉनन डॉईल यांनी १९०४ साली प्रसिद्ध केलेली, एका निवासी शाळेतली ही कथा आहे. एका बड्या सरदाराचा दहा वर्षांचा मुलगा रात्रीतून नाहीसा होतो. मुलाच्या खोलीत झटापटीची काही खूण नाही. मुले मोजली तर एकच कमी. पण शिक्षक मोजले तर तिथेही एक कमी! हा शिक्षक जर्मन, परदेशी. अबोल आणि तुसडा. रात्री मोजे न घालताच तो सायकल घेऊन निघून गेलेला. झालं! संशय कुणावर जाणार हे सांगायला नको. तेवढ्यात दुसरी बातमी येते. माळावर उतरलेल्या भटक्या लोकांच्या गाडीत मुलाची टोपी सापडते. "आम्हाला ही माळावर पडलेली मिळाली," असे ते सांगतात. पण भटक्याच्या शब्दावर विश्वास कोण ठेवतो? पोलीस त्यांना कोठडीत घालतात आणि शाळेचे मुख्याध्यापक सुटकेचा श्वास सोडतात.

होम्स मात्र माळ तुडवत हिंडतो. सायकलच्या चाकांचे ठसे पाहतो. गुरांच्या पावलांचे ठसे पाहतो, आणि त्याच्या मनात येते, की ठसे एवढे दिसतात, मग माळावर गाय एकही कशी दिसली नाही? त्या एका प्रश्नाने सगळा उलगडा होतो. ते ठसे गाईचे नव्हतेच. घोड्याच्या पायांना गाईच्या खुरांसारखे नाल ठोकलेले होते. पळवण्याचा बेत केला होता सरदाराच्याच घरात वावरणाऱ्या, त्याच्या विश्वासातल्या माणसाने, आणि मुलाला बाहेर काढले होते त्याच्या आईचे नाव सांगून. आणि तो जर्मन शिक्षक? मुलगा रात्री निघून जाताना त्याने खिडकीतून पाहिले होते. तो मोजे घालायलाही थांबला नाही. सायकल काढून तो मुलाच्या मागे धावला, आणि त्याला सोडवायला गेला असताना माळावर मारला गेला. ज्याला सगळ्यांनी चोर ठरवले, तोच एकटा त्या रात्री मुलाच्या मदतीला गेला होता.

रहस्य फोडले म्हणून रागावू नका. कथा मुद्दाम सांगितली, कारण तिची घडण पाहायची होती. तिच्यात पहिला संशय परक्यावर जातो, दुसरा भटक्यावर, आणि गुन्हेगार निघतो घरातला. पहिला संशय हा बहुधा आपल्या भीतीतून येतो आणि पुरावा मागाहून, पायी चालत येतो. तोवर थांबण्याची सवय लावणे हे रहस्यकथेचे खरे काम. झुंजारच्या कथेतही तेच असते. पोलिसांची आणि गावाची बोटे त्याच्याकडे वळलेली असतात, आणि पळवलेल्या माणसाला सोडवायला तोच गेलेला असतो. वाचक पहिल्या प्रकरणात एकाला दोषी धरतो, पाचव्यात दुसऱ्याला, आणि शेवटच्या पानावर स्वतःशीच हसतो. पुस्तकातल्या चुकीच्या संशयाने कुणाचा जीव जात नाही.

पुस्तकाबाहेर मात्र जातो. हे बोलताना मन जड होते, पण पालघर जिल्ह्याला उद्देशून बोलताना ते टाळणे बरे नव्हे.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याचा आठवड्याचा बाजार भरला होता. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा त्या दिवसांत भ्रमणध्वनीवरून सगळीकडे पसरली होती. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलताना दिसला, आणि तेवढे पुरले. ग्रामपंचायतीच्या कचेरीत कोंडून त्या पाचही जणांना जमावाने ठार मारले. सोलापूर जिल्ह्यातून पोटासाठी निघालेली ती माणसे होती.

आणि १६ एप्रिल २०२०. आपल्याच डहाणू तालुक्यातले गडचिंचले. टाळेबंदीचे दिवस, रस्ते सुनसान, रात्री चोर येतात, मुले पळवतात, शरीरातले अवयव काढून नेतात अशा वावड्या उठलेल्या. गावोगाव लोक काठ्या घेऊन पहारा देत होते. कांदिवलीहून सुरतेकडे एका अंत्यविधीसाठी निघालेले दोन साधू आणि त्यांचा चालक यांची गाडी जमावाने अडवली. पोलीस तिथे पोहोचले होते, तरीही त्या तिघांना पोलिसांदेखत मारले गेले. पुढे त्याच पाड्यांतली शंभरावर माणसे अटकेत गेली. कुणाचा बाप, कुणाचा मुलगा. म्हणजे मेले ते मेलेच, आणि मागे राहिलेल्या घरांचीही वाताहत झाली.

श्रोतेहो, त्या रात्री काठ्या घेऊन उभी असलेली माणसे जन्मजात क्रूर नव्हती. ती घाबरलेली होती, आणि आपली मुले वाचवायलाच आपण निघालो आहोत असे त्यांना वाटत होते. प्रत्येकाला आपण सोडवणूक करणारा झुंजार वाटत होतो. फक्त एक गोष्ट कुणीच विचारली नाही. मूल कुणाचे हरवले आहे? पळवून नेलेल्या मुलाचे नाव काय? मूल हरवले म्हणून रडणारे घर कुठे आहे? होम्सने विचारले, "गाय कुठे आहे?" तसाच हा प्रश्न. तो कुणी एकाने मोठ्याने विचारला असता, तर निदान काही हात तरी थबकले असते.

परक्यावर आणि भटक्यावर पहिला संशय घ्यायची ही खोड काही आपोआप जडलेली नाही. तिला कायद्याचे पाठबळ होते. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. माणसाने काही केले असो वा नसो, त्याने हजेरी द्यायची, परवानगीवाचून गाव सोडायचे नाही. सोलापूरला तारेच्या कुंपणाआड अशी वसाहत होती, आणि तिच्यात बाया होत्या, पाळण्यातली पोरे होती. सबंध कुटुंबच कायद्याच्या नजरेत चोर! स्वातंत्र्य आल्यावर पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, हा कायदा रद्द झाला. तार निघाली. गावाच्या मनातली तार मात्र पुरती निघालेली नाही. पाल ठोकून कुणी उतरले की आजही आपण आधी कोंबड्या मोजतो.

म्हणूनच माझी शिक्षक बंधुभगिनींना विनंती आहे, की रहस्यकथा कपाटात कुलूप लावून ठेवू नका. ती वर्गात आणा. एखादी स्वच्छ, चांगली कथा निवडा. अर्धी वाचून दाखवा आणि थांबा. मुलांना चिठ्ठीवर लिहू द्या, की तुमचा संशय कुणावर, आणि कशावरून. "तो परका आहे म्हणून", "त्याचे कपडे मळके आहेत म्हणून", "तो कमी बोलतो म्हणून" अशी कारणे येतील. ती फळ्यावर लिहा, रागावू नका. मग उरलेली कथा वाचा, आणि यांतले कोणते कारण पुरावा ठरले ते मुलांनाच सांगू द्या. तर्कशास्त्राचा इतका गोड पाठ दुसरा सापडणार नाही. आणि एकदा वर्गात चुकलेला संशय पोराला जन्मभर पुरतो.

आणि गावातल्या वडीलधाऱ्यांसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. मूल खरोखरच हरवले तर वाट पाहत बसू नका. हरवलेल्या मुलाच्या तक्रारीवर पोलिसांनी गुन्हा नोंदवूनच तपास केला पाहिजे, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ सालचा आदेश आहे. पोलिसांसाठी ११२ आणि मुलांच्या मदतीसाठी १०९८ हे क्रमांक घराच्या भिंतीवर लिहून ठेवा. रागावून घरातून निघालेले पोर पुष्कळदा बोईसर किंवा पालघरच्या फलाटावर, मुंबईच्या गाडीची वाट पाहत बसलेले असते. पहिली धाव तिकडे घ्यावी. आणि मूल हरवलेले नसताना नुसती बातमीच आली, तर ती पुढे पाठवण्यापूर्वी तोच प्रश्न विचारावा : कुणाचे मूल, कोणत्या गावचे? उत्तर आले नाही तर बातमी तिथेच थांबवावी. अनोळखी माणसाबद्दल शंका आलीच तर त्याला ओसरीवर बसवावे, तांब्याभर पाणी द्यावे आणि पोलीस पाटलांना बोलवावे. एवढ्याने गावाचा पहारा ढिला पडत नाही.

रहस्यकथेला शेवटचे पान असते. तिथे खोटा संशय धुऊन निघतो, आणि ज्याला चोर म्हटले त्याची लाज वाटून का होईना, पण क्षमा मागता येते. अफवेला शेवटचे पान नसते. तिच्यात मेलेल्या माणसाची क्षमा मागायला कुणी उरत नाही. आपली मुले पुस्तकातले शेवटचे पान येईपर्यंत थांबायला शिकली, तर उद्या रस्त्यावरही थांबतील, असा माझा विश्वास आहे.