परतीची सायकल

साताऱ्याहून सायकलीने सांगली गाठायची, मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने परतायचे, हा बेत पुष्कळांच्या मनात असतो. अंतर एका बाजूने सुमारे १२५ किलोमीटर. सातारा उंचावर, सांगली खाली कृष्णाकाठी. जाताना कऱ्हाड, पेठ नाका, आष्टा कसे मागे पडले ते कळतही नाही. खरी परीक्षा परतीची! पहिल्या खेपेला कऱ्हाडलाच माझ्या गुडघ्यांनी हात टेकले, आणि सायकल एस.टी.च्या टपावर चढवून मी घरी आलो.

सराव काय कमी होता? दर रविवारी यवतेश्वरचा घाट चढून कासला जात होतो की! पण पाय दर वेळी आठवडाभराचे विसावलेले. थकल्या पायांनी पुन्हा पेडल मारणे मी शिकलोच नव्हतो. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली सुमारे ५,००० किलोमीटरची अमेरिका-पार शर्यत एकट्याने, बारा दिवसांच्या आत पुरी केली. तिथे तर असा दुसरा दिवस रोजच उगवतो.

म्हणून शनिवारी ४० आणि रविवारी पुन्हा ४०, असा जोडीने सराव करावा. दोन-अडीच महिन्यांत आकडा हळूहळू ८० वर न्यावा. सामान सरावातही लादावे. आणि जेवणाची हयगय नको, बरं का! स्नायूंतली रिकामी झालेली साखर भरून यायला जवळजवळ दिवस लागतो. वाटेत तासातासाला गूळ-शेंगदाणे, आणि मुक्कामी पोहोचताच भरपेट भात.

पुढच्या वर्षी मी परतलो तो सायकलीवरूनच. नागठाण्याला चहा मात्र दोनदा घेतला.