वाढत्या वयाचें ताट

(महोत्सवानिमित्त माजलगांव येथें भरलेल्या पालकांच्या व तरुणांच्या सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या सभेंत धर्मगुरु बोलावयास उभा राहिला म्हणजे तो देवळाचा इतिहास सांगेल, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. तें काम इतर वक्ते माझ्याहून चांगलें करतील. मी आज तुमच्या ताटाविषयीं बोलणार आहें. विषय स्वयंपाकघरांतला आहे, म्हणून तो धर्माबाहेरचा आहे असें कोणीं समजूं नये.

संत मार्काच्या शुभवर्तमानाच्या पांचव्या अध्यायांत याईराच्या मुलीची हकीकत आहे. मुलगी बारा वर्षांची होती. प्रभूनें तिचा हात धरून तिला मरणांतून उठविलें, ती चालूं लागली, आणि घरचीं माणसें थक्क होऊन पाहत राहिलीं. त्या वेळीं प्रभूनें दोन गोष्टी सांगितल्या. ही वार्ता कोणास कळूं देऊं नये, ही एक. आणि मुलीला कांहीं खावयास द्यावें, ही दुसरी. आनंदाच्या भरांत आईबापांना मुलीची भूक आठवली नसती. प्रभूला ती आठवली. चमत्कार त्यानें स्वतः केला. जेवूं घालण्याचें काम मात्र घरच्या माणसांवर सोंपविलें. तें काम आजही आपल्याकडेच आहे.

आतां शरीरशास्त्र काय सांगतें तें पाहूं. मनुष्य आपल्या पुऱ्या उंचीपैकीं सुमारें 15 ते 20 टक्के उंची ह्या चारपांच वर्षांत मिळवितो. मुली साधारणपणें आधीं वाढतात व मुलगे मागाहून. हाडें लांबतात, रक्त वाढतें, आणि मुलींच्या अंगांतून दर महिन्यास रक्त जाऊंही लागतें. म्हणून भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनें 2020 सालीं ठरविलेल्या प्रमाणाप्रमाणें 13 ते 15 वर्षांच्या मुलाला रोज 22 मिलिग्रॅम लोह लागतें, तर त्याच वयाच्या मुलीला 30 मिलिग्रॅम. माझ्या मातांनो, हे आंकडे नीट ध्यानांत धरा. लोहाच्या बाबतींत मुलीची गरज मुलाहून अधिक आहे. आणि आपल्या घरांत अधिक कोणाच्या ताटांत पडतें?

2019 ते 2021 ह्या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत भारतांतील 15 ते 19 वर्षांच्या मुलींपैकीं 59 टक्के मुलींच्या अंगीं रक्त कमी असल्याचें आढळलें. मुलग्यांत हें प्रमाण 31 टक्के होतें. शंभरांतील एकोणसाठ! जी मुलगी प्रार्थनेला उभी असतां तिला भोंवळ येते, जिला जिना चढतांना धाप लागते, अभ्यासाला बसतांच झोंप येते, तिला आपण आळशी म्हणतों. पुष्कळदां ती आळशी नसते. तिचें रक्त पातळ असतें. हीच मुलगी पुढें आई होणार, आणि तिच्या अंगांतील उणीव तिच्या बाळंतपणांत व तिच्या बाळाच्या अंगांत उतरणार.

हें कां होतें, ह्याचें उत्तर दूर शोधावयास नको. दिवाळी सरतांच आपल्या बीड जिल्ह्यांतील हजारों कुटुंबें कोयता घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे जातात. उचल घेतलेली असते. ती फेडल्यावांचून सुटका नसते. जीं मुलें बरोबर जातात, त्यांत तेराचौदा वर्षांची मुलगी पहांटे कोपीसमोर चूल पेटविते, सर्वांच्या भाकरी थापते आणि उरलेला तुकडा चहांत बुडवून खाते. जीं मुलें मागें आजीपाशीं राहतात, त्यांच्यावर लक्ष ठेवावयास आजीचे डोळे अपुरे पडतात. शाळेंतील मध्यान्ह भोजन आठवीपर्यंतच आहे. म्हणजे ज्या वयांत भूक सर्वांत मोठी, त्याच वयांत शाळेंतील ताट बंद होतें. तेथें घरानें आणि धर्मग्रामानें उभें राहिलें पाहिजे.

परंतु सर्व दोष गरिबीच्या माथीं मारून चालणार नाहीं. ज्या घरांत धान्य आहे, त्या घरांतही मुलगी शेवटीं जेवते. बाप जेवतो, भाऊ जेवतो, मग आई व लेक तव्यावरचें व पातेल्यांतलें खरडून घेतात. दूध भावाला, कारण तो खेळतो; अंडें भावाला, कारण तो वाढतो. लेक काय, ती वाढत नाहीं? ज्या वेदीवर आपण सर्व एकाच भाकरीचे वांटेकरी होतों, तेथें मुलगा आधीं व मुलगी मागून असा नियम नाहीं. मग तो घरच्या चुलीपाशीं कोठून आला?

मुलग्यांनो, तुमचें संकट निराळें आहे. तुम्ही भाकरीला नाक मुरडतां आणि स्टँडवरील टपरीवर वडापाव, वेफर्सचीं पाकिटें व रंगीत गोड पेयें ह्यांवर पैसे उडवितां. तीनशें मिलिलिटरच्या तशा बाटलींत बहुधा 30 ग्रॅमहून अधिक साखर असते. जो ऊस तोडतांना तुमच्या आईबापांच्या हातांना घट्टे पडले, त्याचीच साखर बाटलींत घालून तुम्हांला विकली जाते, आणि आईबापांचे पैसे त्यांतच जातात. कांहीं मुलगे गुटख्यानें भूक मारतात. त्याची विक्री महाराष्ट्रांत 2012 सालापासून बंद आहे, तरी पुडी कोठें मिळते हें तुम्हांला ठाऊक असतें. मुलींतही एक नवें वेड शिरलें आहे. मोबाईलवरील चित्रें पाहून शहरांत शिकणाऱ्या कित्येक मुली बारीक दिसण्यासाठीं रात्रीचें जेवण टाळतात. देवानें दिलेलें शरीर भुकेनें शिक्षा करण्यासाठीं नाहीं.

येथें कोणी विचारील, फादर, मग उपवासाचें काय? ख्रिस्तसभेचा कायदा ह्याबाबतींत फार शहाणा आहे. 1983 च्या धर्मविधिसंहितेप्रमाणें मांसवर्ज्याचा नियम वयाचीं चौदा वर्षें पूर्ण झाल्यावर लागूं होतो. परंतु उपवासाचा नियम अठरा वर्षांखालच्यांस लागूं नाहीं. वाढत्या मुलांची भूक सभेनें जाणली आहे. म्हणून प्रायश्चित्तकाळांत मुलांनीं पाकिटें, पेयें व मोबाईल सोडावीं, भाकरी सोडूं नये. संत थॉमस अक्विनास ह्यांनीं खादाडपणाचे प्रकार सांगतांना केवळ फार खाण्यासच दोष दिला नाहीं. वेळेआधीं खाणें, अधाशीपणें खाणें, महाग व चोचल्याचें मागणें, हेही त्यांतच घातले. आणि शरीराला जें अवश्य तें नाकारणें हाही दोष होय, असें त्यांनीं सांगितलें.

औषध आपल्या परसांत आहे. शंभर ग्रॅम बाजरींत सुमारें 6 मिलिग्रॅम लोह असतें, ज्वारींत सुमारें 4, आणि सडलेल्या तांदळांत एकही नाहीं. सिंदफणेवर धरण झालें, कालव्याचें पाणी आलें, पुष्कळ शेतांत ऊस उभा राहिला, आणि भाकरी ही गरिबाची खूण आहे असें आपण मानूं लागलों. तें मानणें सोडा. भाकरीबरोबर मेथी, तांदुळजा, शेपू. मटकी, हुलग्यांचें माडगें. तिळाची, जवसाची, शेंगदाण्याची चटणी. परवडेल तेव्हां अंडें किंवा मासळी. जेवणावर लिंबू पिळा, म्हणजे धान्यांतील व भाजींतील लोह अंगीं अधिक लागतें. जेवणाबरोबर चहा घेऊं नका. तो तें लागूं देत नाहीं. शाळेंत आठवड्यास एक निळी गोळी मिळते, तींत 60 मिलिग्रॅम लोह असतें. ती फेंकूं नका. उपाशीपोटीं न घेतां जेवल्यावर घ्या. वर्षांतून दोनदां जंतांची गोळीही घ्या.

शेवटीं ह्या महोत्सवाची आठवण म्हणून मी प्रत्येक कुटुंबाकडे तीन गोष्टी मागतों. पहिली : संध्याकाळचें जेवण सर्वांनीं एकत्र, एकाच वेळीं, प्रार्थना म्हणून व मोबाईल बाजूला ठेवून घ्यावें, मुलीचें ताट मुलाच्या ताटाबरोबरच वाढावें आणि सारखें भरावें. दुसरी : मुलग्यांनीं भाकरी थापण्यास व भांडीं घासण्यास शिकावें, म्हणजे बहिणीला वेळेवर जेवतां येईल. तिसरी : ज्यांचे आईबाप ऊसतोडीला गेले आहेत, अशा एकेका मुलाला किंवा मुलीला शेजारच्या ख्रिस्ती घरानें त्या महिन्यांत एक वेळचें जेवण घालावें, आणि तें मूल आपल्या धर्माचें आहे कीं नाहीं हें विचारूं नये. पांच हजारांना जेवूं घालण्यासाठीं लागलेल्या पांच जवाच्या भाकरी व दोन मासे एका मुलापाशींच होते, असें संत योहान सांगतो. आपल्याही मुलांच्या हातीं इतरांस देण्याइतकी भाकरी असो.

महोत्सवाच्या मेजवानीच्या दिवशीं पंगत बसेल, तेव्हां पहिल्या पंगतींत मुली व मुलगे एकत्र बसतील आणि आम्ही वडील मंडळी वाढूं, अशी माझी सूचना आहे. ती आपण मान्य कराल अशी आशा बाळगून, आणि परमेश्वर आपल्या घरांतील प्रत्येक ताटास व त्यावर बसणाऱ्या प्रत्येक लेंकरास आशीर्वाद देवो अशी प्रार्थना करून, मी आपली रजा घेतों.