जोडीदाराची रिकामी बाजू

मी मूळचा मूर्तिजापूरचा, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. आज टेनिसवर बोलायचंय, पण नदाल-जोकोविचवर नाही. आज डबल्स, म्हणजे दुहेरी.

चेन्नईची एटीपी स्पर्धा २०१८ मध्ये पुण्यात आली. बालेवाडीची महाराष्ट्र ओपन. मधलं २०२१ सोडलं तर २०२३ पर्यंत ती दरवर्षी झाली. एकेरीत इथं एकही भारतीय जिंकला नाही. दुहेरीत मात्र दोनदा आपले लोक जिंकले. २०१९ ला रोहन बोपण्णा आणि दिविज शरण, २०२२ ला बोपण्णा आणि रामकुमार रामनाथन.

ही दुसरी फायनल मी मूर्तिजापूरला घरी बसून बघितली. वर्क फ्रॉम होम सुरू होतं. बाजूला दादा. त्याला टेनिसचं काही पडलेलं नाही, पण बसला. बोपण्णा ४१ चा, रामकुमार २७ चा. समोर ऑस्ट्रेलियाचे ल्यूक सॅव्हिल आणि जॉन-पॅट्रिक स्मिथ. पहिला सेट टायब्रेकमध्ये १०-१२ असा गेला. दुसरा आपण ६-३ घेतला. तिसरा पूर्ण सेट एटीपीच्या दुहेरीत नसतोच, १० गुणांचा सुपर टायब्रेक असतो. तो १०-६ जिंकला.

मध्येच दादानं विचारलं, "काऊन बे, बॉल याच्या डोक्यावरून गेला, मंग हा तिकडं काऊन पयते?"

मी समजावलं. एक जण नेटजवळ उभा असतो. त्याच्या डोक्यावरून चेंडू मागं गेला की मागचा जोडीदार तिरका धावून तो घेतो. पण मग त्याची स्वतःची बाजू रिकामी पडते ना? ती नेटवाल्यानं लगेच जाऊन धरायची. चेंडू आपल्याकडं नसला तरी पळायचं.

दादा म्हणाला, "बराबर हाय." विषय संपला.

मागच्या वर्षी बाबांचं डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून दोनदा अकोल्याला. दादा पहाटे गाडी काढतो, दुपारी परत येतो, मग शेत. मी पुण्याहून पैसे पाठवायचो. फोनवर विचारलं की त्याचं एकच, "तू पैशे पाठोतं ना बे, मंग झालं." मलाही वाटायचं, झालं. माझी बाजू मी सांभाळतोय.

दिवाळीला घरी गेलो तेव्हा वहिनीनं सांगितलं, "भाऊजी, सोंगणीच्या दिवशीच बाबांना न्यावं लागलं. मजूर आले नाही, मागून पाऊस आला. अर्धं सोयाबीन भिजलं." दादा मला यातलं एक अक्षर बोलला नव्हता.

तेव्हा मला तो नेटवाला आठवला. चेंडू घ्यायला दादा माझ्या बाजूला धावला होता, आणि त्याची बाजू रिकामी पडली होती. मी जागेवरच उभा.

एटीपीच्या दुहेरीत अजून एक नियम आहे. ४०-४० झालं की ॲडव्हांटेज नाही, एकाच गुणावर गेम. सर्व्हिस कुणी घ्यायची ते समोरची जोडी ठरवते. दोघं जवळ येतात, बोलतात, मग उभे राहतात. न बोलता ठरत नाही. आम्ही दोघं भाऊ वर्षभर ते बोललोच नव्हतो.

त्या रात्री ओसरीवर बसून बोललो. मी मॅनेजरला विचारलं, आणि आता महिन्यातले पंधरा दिवस मूर्तिजापूरहून काम करतो. त्या पंधरवड्यातल्या अकोल्याच्या फेऱ्या माझ्या. लॅपटॉप सोबत नेतो, बाबा आत असले की बाहेर बाकड्यावर कोड लिहितो. बाकीचे पंधरा दिवस दादाचे.

भिजलेलं सोयाबीन काही परत आलं नाही. दादा अजूनही पहाटे उठतो, गाडीच्या टायरमधली हवा बघतो आणि म्हणतो, "हळू चालवजो."

तुमच्या घरी कोण कुणाची बाजू सांभाळतंय, एकदा विचारून बघा. समोरचा "झालं" म्हणाला तरी विचारा. भेटू पुढच्या भागात.