सावल्यांचे गणित आणि बंगळुरू



महोत्सवी समारंभात विज्ञानाचा विषय निघाला की चांद्रयानाचे नाव आधी घेतले जाते. आजचा विषय मात्र आकाशातला नाही. तो पेशीभोवतीच्या पटलातला आहे आणि त्याचा एक धागा बंगळुरूशी जोडलेला आहे.

शालेय पुस्तकात हे पटल एका रेघेने दाखवतात. ती रेघ भलतीच फसवी आहे. तिच्यात असंख्य प्रथिने रुतून बसलेली असतात. क्षारांची ने-आण, मज्जातंतूंचे संदेश, हृदयाचा ठोका हे सारे त्यांच्यावाचून चालत नाही. अनेक औषधांचे कार्यही याच प्रथिनांवर घडते. त्यांची घडण कळली नाही, तर औषध शोधणे म्हणजे कुलूप न पाहता किल्ली घासत बसणे होय. आणि ती घडण कळणे महाकठीण, कारण पटलाच्या स्निग्ध थरातून बाहेर काढताच ही प्रथिने एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा होतो. क्ष-किरणांसाठी लागणारे चांगले स्फटिक सहसा मिळत नाहीत.

केंब्रिजमधील रिचर्ड हेंडरसन आणि नायजेल अनविन यांनी वेगळी वाट धरली. अतिशय खाऱ्या पाण्यात राहणाऱ्या एका सूक्ष्मजीवाच्या अंगावर जांभळ्या पटलाचे तुकडे असतात. त्यांत बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन नावाचे एकच प्रथिन फरशीसारखे ओळीने मांडलेले असते. निसर्गानेच घडवलेला हा सपाट स्फटिक. तो त्यांनी ग्लुकोजच्या थरात जपला आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीखाली ठेवला.

खरी अडचण इथे सुरू झाली. ज्या इलेक्ट्रॉनांनी पाहायचे, तेच प्रथिनाची मोडतोड करतात. म्हणून मारा अगदी कमी ठेवावा लागतो; मग छायाचित्रात केवळ करडी धूळ दिसते. त्या धुळीतून आकृती काढण्याचे काम गणकयंत्राचे. दिंडीत शेकडो टाळकरी असतात. एखाद्याचा टाळ चुकतो, दुसऱ्याचा उशिरा पडतो. पण चुका ज्याच्या त्याच्या असतात आणि ठेका सर्वांचा एक, म्हणून दुरून ऐकणाऱ्याला ठेकाच ऐकू येतो. हजारो सारख्या रेणूंची सरासरी काढली की असेच घडते. मात्र स्फटिकाची फरशी कधीच सरळ नसते. ओढल्या गेलेल्या लुगड्यावरील बुट्ट्या जशा जागा सोडतात, तसे रेणू किंचित सरकलेले असतात. प्रत्येकाचे सरकणे मोजून तो जागी आणावा लागतो, सरासरी त्यानंतर.

एवढे करूनही हाती येते ती सपाट सावलीच. तांब्याची सावली वरून पाहिली तर वर्तुळ, बाजूने पाहिली तर निराळीच. म्हणून नमुना तिरपा करून अनेक सावल्या घ्यायच्या आणि त्यांतून घनाकृती जुळवायची. नमुना साधारण 60 अंशांपलीकडे तिरपा करता येत नाही, त्यामुळे काही बाजू कायमच्या झाकलेल्या राहतात. तरीही 1975 साली सात अँगस्ट्रॉमचा, म्हणजे मिलिमीटरच्या दशलक्षांशाहूनही सूक्ष्म तपशिलाचा, नकाशा तयार झाला आणि त्यात पटलाला छेदून जाणारे सात दांडे दिसले. अणूंच्या पातळीवरचे चित्र पूर्ण व्हायला 1990 साल उजाडले. पंधरा वर्षे एका प्रथिनासाठी! हेंडरसन यांना 2017 साली रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

सावल्यांवरून मूळ वस्तू कशी उभी करावी, हाच प्रश्न बंगळुरूत गो. ना. रामचंद्रन यांच्यापुढे होता. हेच रामचंद्रन विद्यार्थिदशेत भारतीय विज्ञान संस्थेत विद्युत अभियांत्रिकीसाठी आले आणि चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या हाताखाली भौतिकशास्त्राकडे वळले. पुढे मद्रासला कोलॅजेनची तिपेडी घडण आणि 1963 मधील ‘रामचंद्रन आलेख’ यांनी त्यांचे नाव जगभर झाले. त्यानंतर ते याच संस्थेत परतले आणि तेथे रेणवीय जैवभौतिकीचा विभाग उभा केला. 1971 साली ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांच्यासह त्यांनी क्ष-किरण चित्रे आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मचित्रे यांवरून घनाकृती उभारण्याची एक रीत प्रसिद्ध केली.

प्रत्येक सावली आली त्या दिशेने परत पसरवायची, हा साधा विचार. पण तसे केल्यास आकृती धूसर होते, कारण प्रत्येक बिंदूचा रंग शेजाऱ्यांवर सांडतो. रामचंद्रन यांनी सांडलेला रंग आधीच वजा केला. प्रत्येक बिंदूच्या मूल्याचा ठरावीक अंश ठेवायचा आणि एकाआड एक शेजाऱ्यांचे अंश वजा करायचे; पहिल्या शेजाऱ्याच्या मानाने तिसऱ्याचा वाटा नवव्या हिश्शाचा, पाचव्याचा पंचविसाव्या. बस्स, बेरीज, वजाबाकी, गुणाकार! त्या काळच्या मंद गणकयंत्रांवर फूरिए गणिताचा लांबचा फेरा यामुळे वाचला.

जांभळ्या पटलाच्या कामात हेंडरसन यांनी फूरिएचीच वाट धरली, हे सांगितले पाहिजे. स्फटिकाला तीच मानवते. बंगळुरूची रीत फळाला आली ती दुसऱ्याच घरी. सी. टी. स्कॅनमध्ये ती ‘राम-लॅक’ या नावाने रुजली आणि आजही तेथील अभियंते हे नाव रोज वापरतात. सी. टी. स्कॅनसाठीचे 1979 चे नोबेल कॉर्मॅक आणि हाउन्सफील्ड यांना मिळाले. रामचंद्रन 2001 साली चेन्नईत निवर्तले. ज्या रुग्णाच्या मेंदूतील गाठ त्या यंत्राने वेळेत दाखवली, त्याच्या घरच्यांना हे नाव ठाऊक नसते. पालकांनी निदान मुलांना तरी ते सांगावे.

धागा अजून तुटलेला नाही. केंब्रिजला हेंडरसन यांच्याबरोबर काम केलेले विनोथकुमार आज बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात आहेत. तेथील क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीत प्रथिने क्षणात गोठवलेल्या पाण्यात धरून ठेवतात. सपाट स्फटिकाची गरज आता बहुधा लागत नाही. एकेकटा रेणूही चालतो. सावल्या मात्र अजूनही धुळीसारख्याच करड्या येतात आणि गणकयंत्रे रात्रंदिवस त्या एकमेकींशी जुळवत असतात.