दादा कुठल्या कॉलममध्ये बसतात?

मागच्या एपिसोडनंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. तू हिंजवडीची नोकरी सोडून मासे मोजणाऱ्या संस्थेत गेलास ते ठीक आहे, पण त्या संस्थेला पैसे कोण देतं रे? माझ्या आईचाही हाच प्रश्न होता, फक्त तिचा सूर जरा वेगळा होता.

तर आज ग्रँटबद्दल बोलू. एखादी छोटी वैज्ञानिक संस्था सरकारी संशोधन निधीसाठी अर्ज करते म्हणजे नक्की काय करते, हे मला दोन वर्षांपूर्वी अजिबात माहीत नव्हतं. मला वाटायचं, चांगली आयडिया असली की पैसे मिळतात. (हसतो) असो.

आमची संस्था पुण्यात आहे, पंधरा-सोळा माणसांची. नाव घेत नाही. काम सह्याद्रीतल्या ओढ्यांचं आणि नद्यांचं. आमच्याकडे जवळजवळ तीस वर्षांच्या फील्डच्या वह्या आहेत. कुठल्या ओढ्यात, कुठल्या महिन्यात, कुठला मासा मिळाला, पाणी किती होतं, सगळं हाताने लिहिलेलं. काही पानांवर पावसाचे डाग, काही पानांवर चहाचे. मला घेतलं होतं ते या वह्यांचा डेटाबेस करायला. माझा पगार एका प्रोजेक्टमधून यायचा आणि तो प्रोजेक्ट ३१ मार्चला संपणार होता.

त्याच प्रोजेक्टमधून आणखी एका माणसाला पैसे मिळायचे. आपण त्यांना दादा म्हणू. वेल्हे भागातले आहेत, वय पन्नासच्या पुढे, शिक्षण बारावी. संस्थेबरोबर पंचवीस वर्षं फिरलेत. कुठला ओढा डिसेंबरात आटतो, कुठल्या डोहात मरळ असते, कुठे पाय ठेवायचा नाही, हे सगळं त्यांच्या डोक्यात. वह्यांतली निम्मी गावठी नावं त्यांनीच सांगितलेली.

आता थोडं चित्र मोठं करतो. २०२०-२१ च्या आकड्यानुसार आपला देश जीडीपीच्या साधारण ०.६४ टक्के संशोधनावर खर्च करतो. म्हणजे ताट छोटं आणि पंगत मोठी. पूर्वी मूलभूत संशोधनाचे बरेच अर्ज एसईआरबीकडे जायचे. २०२३ साली कायदा झाला आणि आता त्या जागी अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन आलंय. पाच वर्षांत ५०,००० कोटी अशी घोषणा आहे, पण त्यातला मोठा हिस्सा सरकारी तिजोरीतून नाही, खासगी आणि इतर मार्गांनी यायचाय. त्याशिवाय डीएसटी, डीबीटी, पर्यावरण मंत्रालय वगैरे आहेतच. प्रत्येकाचा कॉल निघतो, म्हणजे जाहिरात येते, तारीख येते, आणि मग देशभरातून अर्ज. आयआयटीचे प्राध्यापक आणि आमच्यासारखी भाड्याच्या बंगल्यातली संस्था, दोघंही एकाच रांगेत.

आणि त्या रांगेत उभं राहायलाही कागद लागतात. आमच्यासारख्या ना-नफा संस्थेला डीएसआयआरची सायरो मान्यता लागते, म्हणजे 'हो, ही खरंच संशोधन संस्था आहे' असा शिक्का. मग दर्पण पोर्टलचा नंबर, ऑडिट झालेले हिशेब, संस्थेच्या प्रमुखांचं हमीपत्र. विज्ञान नंतर.

पहिला अर्ज आम्ही जुलैमध्ये केला. तांत्रिक भाग मी लिहिला. बीटेक झालेल्या माणसाच्या हातात वर्ड फाइल दिली की तो काय करतो? प्रॉडक्ट विकतो. 'एआय-आधारित एकात्मिक मंच' असं शीर्षक दिलं. उद्दिष्टं नऊ. वह्या स्कॅन करू, मशीन हस्ताक्षर वाचेल, ॲप येईल, नकाशा येईल, गावकरी फोटो टाकतील. बजेटमध्ये भारीतला लॅपटॉप आणि तीन वर्षांचा क्लाउड. आमच्या शास्त्रज्ञ ताईंनी वाचलं आणि म्हणाल्या, "छान आहे, पण यात मासे कुठेत?" मला ते लागलं नाही. लागायला हवं होतं.

शेवटच्या दिवशीची गंमत ऐका. पोर्टलवर हमीपत्र चढवायला गेलो तर लक्षात आलं, आपण जुन्या नमुन्यातलं पत्र घेतलंय. नवीन नमुन्यावर सरांची सही हवी. सर आंबोलीत, रेंज नाही. संध्याकाळी पाचला पोर्टल बंद. साडेतीनला सरांनी एका हॉटेलातून फोन केला, तिथल्याच सायबर कॅफेत प्रिंट काढली, सही केली, फोटो पाठवला. चार पन्नासला सबमिट झालं. मी त्या दिवशी स्वतःला हिरो समजत होतो.

जानेवारीत नकार आला. बरोबर परीक्षकांचे शेरे होते, आणि मंडळी, शेरे वाचणं ही एक वेगळी कला आहे. पहिल्यांदा वाचल्यावर फक्त राग येतो. मी दोन दिवसांनी परत वाचले. एकाने लिहिलं होतं, उद्दिष्टं फार आहेत, तीन वर्षांत होणार नाहीत. दुसऱ्याने विचारलं होतं, हस्ताक्षर मशीन वाचेल याला आधार काय, आधी करून पाहिलंय का? आणि प्रोजेक्ट संपल्यावर हे सॉफ्टवेअर कोण सांभाळणार? एकही शेरा चुकीचा नव्हता. कोड रिव्ह्यूमध्ये मी दुसऱ्यांना हेच प्रश्न विचारले असते.

त्याच आठवड्यात दादा भेटले. चहा घेताना म्हणाले, "सर, मार्चनंतर यायचं का नाही, तेवढं सांगा. पलीकडे एका फार्महाउसवर वॉचमन पायजे म्हणतात." मी म्हटलं, "बघतो दादा." यापेक्षा वाईट उत्तर मी आयुष्यात दिलेलं नाही.

एप्रिलपासून संस्थेच्या स्वतःच्या पुंजीतून माझा अर्धा पगार आणि दादांचे आठवड्याचे दोन दिवस, एवढंच जमलं. सीएसआरसाठीही फिरलो. एका कंपनीला झाडं लावायची होती, फोटोसह. वह्यांचा फोटो चांगला येत नाही.

मेमध्ये दुसरा अर्ज. या वेळी लिहिण्याआधी चारशे पानं घेतली आणि खरंच मशीनला वाचायला दिली. मराठी हस्ताक्षर, पेन्सिल, ओली पानं, त्यात इंग्रजी शास्त्रीय नावं. निकाल भयानक. 'शिंगटा'चं मशीनने काय काय केलं ते मी इथे सांगणार नाही. मग त्यातली शंभर पानं दादा आणि ताईंनी बसून वाचली, मी टाइप केली, आणि दोन्ही समोरासमोर ठेवली. हे अपयश आम्ही अर्जात जसंच्या तसं लिहिलं, तक्त्यासकट. सर म्हणाले, "अरे, आपलंच फसलेलं कशाला दाखवायचं?" ताई म्हणाल्या, "त्यांनी हेच विचारलंय." उद्दिष्टं तीनच ठेवली. ॲप काढून टाकलं. डेटा साध्या खुल्या फॉरमॅटमध्ये ठेवू, म्हणजे मी उद्या गेलो तरी कुणालाही उघडता येईल, असं लिहिलं.

अडलं ते बजेटच्या मनुष्यबळाच्या कॉलममध्ये. तिथे ठरलेली पदं असतात. जेआरएफ ३७,००० रुपये, प्रोजेक्ट असोसिएट, फील्डसाठीचं पद, आणि प्रत्येकापुढे किमान पात्रता. फील्डच्या पदालाही पदवी हवी. दादा बारावी. म्हणजे ज्या माणसाशिवाय या वह्या वाचताच येत नाहीत, त्याला बसवायला रकानाच नाही. मी दोन दिवस नियमावली चाळली. शेवटी आमच्या अकाउंट्सच्या काकांनी वाट दाखवली. ते म्हणाले, पगार म्हणून मागू नकोस, काम म्हणून माग. मग फील्डवर्कच्या खर्चात 'स्थानिक जाणकाराचं मानधन, दिवसाप्रमाणे' असं घातलं, वर्षाला ११० दिवस, आणि खाली अर्धं पान समर्थन. त्या अर्ध्या पानावर मी जेवढा वेळ घालवला तेवढा अख्ख्या पहिल्या अर्जावर घातला नव्हता.

ऑक्टोबरमध्ये ऑनलाइन सादरीकरण झालं. दहा मिनिटं, समोर तज्ज्ञ समिती. एक जण म्हणाले, मशीन जमत नसेल तर स्थानिक नावं सोडा, फक्त शास्त्रीय नावं घ्या, काम पटकन होईल. मी उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात ताईंनी माइक चालू केला. म्हणाल्या, कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या माशांचं वर्णन १८३९ मध्ये छापलं. त्यातल्या एका माशाचं नाव आजही 'गारा मुल्ल्या' आहे, दुसऱ्याचं 'मिस्टस सींगटी'. हे आपले मळ्या आणि शिंगटी. शास्त्रीय नावांतच स्थानिक नावं बसलीत, ती सोडणार कशी? शिवाय जुन्या वह्यांत कित्येक ठिकाणी फक्त गावठी नावच आहे, आणि ते कुठल्या माशाचं, हे सांगणारी माणसं आता थोडी उरलीत. समितीत कुणीतरी हसलं. चांगलं हसू होतं ते.

जानेवारीत मंजुरीचं पत्र आलं. कात्री लागली होतीच. क्लाउड गेला, लॅपटॉप गेला, दोनपैकी एक पद गेलं. दादांचे दिवस ११० वरून ९० झाले, पण ओळ राहिली.

पत्र आलं म्हणजे पैसे आले असं नाही हां. पहिला हप्ता २६ मार्चला जमा झाला, आणि ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपतं. पाच दिवसांत काय खर्च करणार? मग उपयोगिता प्रमाणपत्र, नमुना १२-ए, खर्च शून्य, शिल्लक पुढच्या वर्षी वापरायला परवानगी द्यावी ही विनंती. खात्यात पडलेल्या पैशावर बँकेने व्याज दिलं तर तेही आपलं नाही, सरकारला परत करायचं. हे प्रमाणपत्र वेळेत गेलं नाही तर पुढचा हप्ता अडतो. म्हणून सांगतो, तुम्ही अशा कुठल्या संस्थेत गेलात तर अकाउंट्सच्या काकांशी पहिल्या दिवशी मैत्री करा. मी आठव्या महिन्यात केली.

दादांनी मधल्या काळात फार्महाउसची नोकरी धरली होती. ती त्यांनी सोडलेली नाही, आणि मीही सोडा म्हणालो नाही. ९० दिवसांवर घर चालत नाही. रात्रपाळी करून मंगळवारी आणि गुरुवारी येतात, माझ्या शेजारी बसतात, चष्मा लावून वही वाचतात. परवा २००३ ची एक वही निघाली. एका ओळीवर मी अडलो होतो, दोन अक्षरं, काही केल्या लागेना. दादांनी पाहिलं आणि म्हणाले, "हे माझंच अक्षर हाय की. वाम. पावसात लिवलंय."

तर असं आहे सगळं. तुमच्यापैकी कुणी संशोधन संस्थेत काम करत असेल, अर्जाचा काही अनुभव असेल, तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. मला आता निघायला हवं. शुक्रवारी संध्याकाळी पाचला पुढच्या कॉलची शेवटची तारीख आहे, हमीपत्रावर सही बाकी आहे, आणि सर आज सकाळीच आंबोलीला गेलेत.