भाड्याचे घर आणि भिंतीआडची वीज

भाड्याचे घर पाहावयास गेलेला मनुष्य नळ सोडून पाहतो, खिडक्या उघडून पाहतो, छतास ओल आहे काय हेही न्याहाळतो. विजेच्या बाबतीत मात्र बटण दाबले आणि दिवा लागला की त्याचे समाधान होते. वास्तविक तारांवरील वेष्टन वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ठिसूळ होते, सैल पडलेला जोड तापू लागतो आणि अर्थिंगची तार तुटली तरी दिवा पूर्वीसारखाच उजळतो. मग एखाद्या दिवशी इस्त्रीला अगर गिझरला हात लागतो, आणि तेव्हा दोष कळतो.

येथील अडचण दुहेरी आहे. घरात राहणाऱ्यास भिंत फोडून पाहण्याचा अधिकार नाही. ज्यास अधिकार आहे तो त्या घरात राहत नाही. इंग्लंडने २०२० च्या नियमांनी यावर तोड काढली. तेथे खाजगी भाड्याच्या घरातील वायरिंग निदान दर पाच वर्षांनी जाणकाराकडून तपासून घेणे मालकास बंधनकारक आहे. अहवालाची प्रत नव्या भाडेकरूस राहावयास येण्यापूर्वी, व राहत्या भाडेकरूस तपासणीनंतर २८ दिवसांत द्यावी लागते. प्रत्यक्ष अथवा संभाव्य धोक्याचा दोष आढळल्यास तो २८ दिवसांत, आणि अहवालात त्याहून कमी मुदत असल्यास तेवढ्यात, दूर झालाच पाहिजे. मालकाने चालढकल केली तर स्थानिक संस्था भाडेकरूच्या संमतीने काम करवून खर्च मालकाकडून वसूल करू शकते.

आपल्याकडे केंद्राने २०२१ मध्ये भाडेकरूविषयक आदर्श कायद्याचा नमुना राज्यांपुढे ठेवला. करारात वेगळे ठरले नसल्यास वायरिंगची देखभाल मालकाने करावी आणि स्विच-सॉकेट भाडेकरूने बदलावेत, अशी वाटणी त्यात आहे. परंतु नवा स्विच बसविल्याने जुनी तार सुधारत नाही. यास्तव करारावर सही करण्यापूर्वीच परवानाधारक वायरमनकडून तपासणी करवावी. पुढील तपासणीची तारीख व तिचा खर्च कोणाचा, हेही करारात लिहावे. गळती होताच प्रवाह तोडणारे ३० मिलिअँपिअरचे उपकरण घरात असल्यास त्यावरील चाचणीचे बटण अधूनमधून दाबावे. त्याने उपकरणाची परीक्षा होते, अर्थिंगची होत नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे.

दरमहा भाड्याची पावती मागणाऱ्याने पाच वर्षांतून एकदा हा अहवालही मागावा, आणि मालकाने तो मागण्याची वाट पाहू नये. घेतलेल्या भाड्यात निर्धोक भिंतीचे मोल आलेलेच असते.