3 फेब्रुवारी : एका तारखेचे तीन दिवस

दिनविशेषाच्या फळ्यावर 3 फेब्रुवारीसमोर लिहिण्याजोग्या बऱ्याच नोंदी आहेत. त्यांतल्या दोन मुंबईत घडल्या, तिसरी चंद्रावर. फळ्यावर प्रत्येकीला एकच ओळ मिळते, आणि त्या ओळीत घटनेचा सगळ्यात महत्त्वाचा भाग सहसा मावत नाही.

पहिली नोंद 1925 ची, मंगळवारची. त्या दिवशी भारतातली विजेवर चालणारी पहिली रेल्वेगाडी बोरीबंदरच्या व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्यापर्यंत धावली. मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी तिचे उद्घाटन केले. मार्ग हार्बरचा होता, म्हणजे गोवंडीकर आज रोज ज्या रुळांवरून ये-जा करतात तोच. फक्त विजेची तार तेव्हा कुर्ल्यापाशी संपत होती. टिळकनगर आणि चेंबूर ओलांडून गोवंडी-मानखुर्दपर्यंत विजेची लोकल नंतर आली, आणि 1992 मध्ये हा मार्ग ठाण्याची खाडी ओलांडून वाशीला पोहोचला.

विजेचा खटाटोप केवळ शहरातल्या प्रवाशांसाठी नव्हता. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेपुढची खरी अडचण सह्याद्रीची होती. भोर घाट आणि थळ घाट चढताना वाफेच्या इंजिनांचा दम निघे. विजेचे इंजिन तोच चढ अधिक जोराने चढते आणि त्याला वाटेत कोळसा-पाणी लागत नाही. वीजही दूर नव्हती : लोणावळ्याच्या परिसरातल्या तलावांचे पाणी घाटाखाली सोडून खोपोलीला टाटांचे जलविद्युत केंद्र 1915 पासून चालू होते. कुर्ल्याच्या गाडीनंतर काही वर्षांतच विजेची तार पुणे आणि इगतपुरीपर्यंत गेली. सुरुवातीला निवडलेला 1500 व्होल्ट डीसी दाब हार्बर मार्गावर 2016 पर्यंत टिकला. त्यानंतर 25 हजार व्होल्ट एसी आला.

बरोबर तीन वर्षांनी, शुक्रवारी 3 फेब्रुवारी 1928 रोजी, सायमन कमिशन मुंबईच्या धक्क्यावर उतरले. भारताला पुढे कोणते राजकीय अधिकार द्यायचे हे ठरवण्यासाठी नेमलेल्या या सात जणांत एकही भारतीय नव्हता. सातही जण ब्रिटिश संसदेचे सदस्य. त्यांतले क्लेमंट अ‍ॅटली पुढे 1947 मध्ये, भारत स्वतंत्र झाला तेव्हा, ब्रिटनचे पंतप्रधान होते. काँग्रेसने बहिष्कार पुकारला होता. देशभर हरताळ पडला, काळे बावटे निघाले. ‘सायमन, परत जा’ या घोषणेचे श्रेय मुंबईच्या युसूफ मेहेरअलींना दिले जाते. त्या वेळी ते 24 वर्षांचे होते. 1942 मध्ये ते याच शहराचे महापौर झाले. निषेधाची किंमत मोठी पडली. ऑक्टोबरमध्ये लाहोरला लाला लजपतराय यांच्यावर लाठ्या पडल्या आणि 17 नोव्हेंबरला त्यांचे निधन झाले.

शाळेच्या पुस्तकात ही गोष्ट बहुधा इथे थांबते. तिचा दुसरा भाग तितकाच मोलाचा आहे आणि तो मुलांना आवर्जून सांगायला हवा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कमिशनवर बहिष्कार टाकला नाही. बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने त्यांनी मे 1928 मध्ये निवेदन दिले आणि ऑक्टोबरमध्ये पुण्यात साक्ष दिली. मत देण्याचा हक्क तेव्हा मुख्यतः मालमत्ता आणि कर यांवर ठरत असे. ज्याच्याजवळ जमीन नाही, घर नाही, त्याला मतही नाही. आंबेडकरांनी प्रत्येक प्रौढाला मताधिकार मागितला आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी राखीव जागा मागितल्या. या मागणीमागे साधा हिशेब होता : सत्ता भारतीयांच्या हाती येणार असेल, तर ती कोणत्या भारतीयांच्या हाती, हे आधीच ठरले पाहिजे. काळे बावटे घेऊन निघालेले आणि साक्ष द्यायला गेलेले, दोघेही इंग्रजांनी एकतर्फी निर्णय करू नये यासाठीच धडपडत होते. वाटा वेगळ्या होत्या. प्रौढ मताधिकार अखेर राज्यघटनेने दिला आणि 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत तो बजावला गेला.

तिसरी नोंद 1966 ची. गोवंडीच्या शेजारच्या तुर्भ्यात अणुशक्ती केंद्र उभारणारे डॉ. होमी भाभा 24 जानेवारीला माँ ब्लाँ पर्वतावरील विमान अपघातात गेले होते. त्याला जेमतेम दहा दिवस झाले होते. सोव्हिएत संघाचे लूना 9 हे यान तेव्हा चंद्रावर अलगद उतरले. असे उतरणारे ते पहिलेच यान. चंद्रावर धुळीचा इतका जाड थर असेल की यान त्यात रुतून बसेल, अशी भीती काही शास्त्रज्ञांना होती. लूनाने पृष्ठभागावरून छायाचित्रे पाठवली आणि जमीन वजन पेलते हे दिसले. माणूस तिथे उतरू शकतो, हा भरवसा त्यातून वाढला. भारताचे चंद्रयान-3 तिथे उतरले 23 ऑगस्ट 2023 रोजी.

तारखेबाबत मात्र एक दुरुस्ती हवी. लूना 9 उतरले तेव्हा मॉस्कोत रात्रीचे पावणेदहा वाजले होते, भारतात मात्र मध्यरात्र उलटून सव्वाबारा झाले होते. भारतीय घड्याळाप्रमाणे ही नोंद 4 फेब्रुवारीच्या फळ्यावर जाते.